गावचं घर विकतोय. सासूबाईंची तुळस डोंबिवलीला कशी आणू?

पडवीतली

नमस्कार मंडळी,

गणपतीला गावी, राजापूरकडे, जाऊन आलो. विसर्जनाच्या रात्री तिघे भाऊ पडवीत बसले आणि घर विकायचं नक्की झालं. मार्गशीर्षात खरेदीखत. त्याला माझा विरोध नाही. तिथे कोणी राहत नाही, पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नाही, माजघराच्या वाशांना वाळवी लागली आहे. सासूबाई गुडघे गेल्यापासून आमच्याकडे डोंबिवलीलाच असतात. त्याही शांतपणे "विका" म्हणाल्या. जमिनीतला वाटा नको, भांडी नकोत. एकच मागणं केलं, "माझी तुळस तेवढी मागे ठेवू नका."

अंगणातलं वृंदावन चिऱ्याचं आहे, वरून गिलावा. पूर्वेच्या बाजूला दिव्यासाठी कोनाडा. त्याच्या कमानीवर काजळीचा असा थर बसलाय की दर दिवाळीला चुना मारला तरी आठ दिवसांत काळा रंग वर येतो. उजवीकडचा एक कोपरा गुळगुळीत झालाय. प्रदक्षिणा घालताना सासूबाई तिथे तळवा टेकतात, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई टेकायच्या. यंदाही गाडीतून उतरल्या त्या घरात न जाता आधी तिथे गेल्या, हात टेकला, आणि मंजिरी वाकवून बघत शेजारच्या वहिनींना म्हणाल्या, "पाणी वेळेवर घातलंस गो."

डोंबिवलीच्या गॅलरीत आमची एक तुळस आहे, नर्सरीतून आणलेली. तिला त्या रोज पाणी घालतात, दिवा लावतात. पण त्यांच्या मनातली तुळस ती नव्हे, हे मला कळतं.

आता प्रश्न. वृंदावनातलं झाड उपटून कुंडीत लावलं तर जगेल का? खोड अंगठ्याएवढं जाड आहे. घेणारे तिथे बंगला बांधणार आहेत, तेव्हा वृंदावन पाडलं जाईल. त्याआधी काही विधी करावा लागतो का?

तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. यंदाचं तुळशीचं लग्न त्या अंगणातलं शेवटचं. सासरे गेल्यापासून सासूबाईंना त्या दिवशी तुळशीजवळ येऊ देत नाहीत. हळद-कुंकू सवाष्णीने लावायचं, कन्यादान जोडप्याने करायचं, असं आमच्याकडे म्हणतात. वर्षभर पाणी घालणारी बाई लग्नाच्या संध्याकाळी उंबऱ्यात बसून अक्षता टाकते. यंदा सगळं त्यांच्या हातून व्हावं असं मला फार वाटतं. शास्त्रात खरंच आडकाठी आहे का? जाणकारांनी सांगावं.

कलमवाला_दापोली

वहिनी, झाडापुरतं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

जुनं झाड उपटू नका. खोड अंगठ्याएवढं झालं म्हणजे तुळस लाकडाला आली. अशा झाडाची मुळं चिऱ्यांच्या सांध्यात शिरलेली असतात. ओढलं तर बारीक मुळं तुटतात, आणि पाणी पिणारी मुळं तीच. चार दिवसांत पानं गळतील आणि सासूबाईंच्या जिवाला घोर लागेल.

शिवाय तुळस काही आंब्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या उभं राहणारं झाड नाही. दोन-तीन वर्षं चांगली डवरते, मग खोड उघडं पडतं. म्हणजे आज वृंदावनात आहे ती सासूबाईंच्या सासूबाईंनी लावलेली तुळस नव्हे. तिच्याच मंजिऱ्या तिथेच पडल्या, तिथेच रुजल्या, एक सुकली की शेजारचं रोप वर आलं. तुमच्या घरात पिढ्या झाल्या तशाच तिच्याही झाल्या. तेव्हा बी आणा किंवा फांदी आणा, तुळस तीच. सासूबाईंना हे सांगा. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आता कसं करायचं ते. पाऊस सरत आलाय, हवा ओली आहे, हीच वेळ. थंडी पडली की बी रुजायला आळस करतं, म्हणून मार्गशीर्षापर्यंत थांबू नका. पुढच्या खेपेला कोणी गावी गेलं की तीन गोष्टी आणायच्या.

वृंदावनाच्या तळाशी, चिऱ्यांच्या फटीत, अंगणाच्या कडेला बारकी रोपं नक्की असतील. चार-सहा पानांवरची दोन-तीन रोपं मातीच्या गोळ्यासकट खुरप्याने काढायची. ही सगळ्यात भरवशाची. दुसरं, कोवळ्या फांद्या. मंजिरी न आलेला शेंडा बघून चार-पाच इंचांचा तुकडा पेराखाली कापायचा, खालची पानं काढायची. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलात तर दिवा पॅसेंजरमध्ये दिवसभर तग धरतील. घरी आल्यावर पाण्याच्या ग्लासात, सावलीत. पाणी एक दिवसाआड बदलायचं. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसली की कुंडीत. तिसरं, तपकिरी झालेल्या मंजिऱ्या. तळहातावर चोळा, फुंकर घालून भुसा उडवा, खाली खसखशीएवढं बी राहील. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर चाळलेल्या मातीचा पातळ हात फिरवायचा. खोल पुरलंत तर वर येणार नाही. थोडं बी कागदाच्या पुडीत राखून ठेवा.

गावची माती हवी असं वाटेल, ते साहजिक आहे. आणा, पण कुंडी तिनेच भरू नका. आपली तांबडी माती अंगणात चांगली. कुंडीत पाणी घालून घालून दगड होते. एक भाग ती, एक भाग शेणखत, थोडी वाळू. गॅलरीत ऊन किती वेळ असतं? पाच-सहा तास मिळालं तर उत्तम. कमी असेल तर कुंडी ग्रिलच्या अगदी बाहेरच्या कडेला ठेवा.

आणि एक विनंती, श्रद्धेला धक्का न लावता करतो. दूध, तेल, हळद-कुंकू खोडावर आणि मुळात नको. कुंडीच्या काठाला लावा. दिवा पानांपासून हातभर लांब. वृंदावनात कोनाडा खाली असायचा आणि झाड वर, त्यामुळे धग लागत नव्हती. कुंडीत ते अंतर आपणच राखावं लागतं. पानं आकसली आणि पानांमागे काळे ठिपके दिसले तर जाळीदार पंखांचा बारीक किडा असतो. पाण्याचा फवारा मारून पानं धुवा, नाहीच गेला तर निंबोळी अर्क. तो मारल्यावर मात्र काही दिवस ती पानं नैवेद्यावर ठेवू नका.

अंतरपाट

पडवीतली ताई, मी पुण्यात पौरोहित्य करते. तुळशीची लग्नं दरवर्षी लावते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर आधी बोलते.

आडकाठी नाही. तुळशीची पूजा रोज कोण करतं ते बघा. तिला गुरुजी लागत नाहीत, सोवळं लागत नाही, मुहूर्त लागत नाही. सकाळी अंघोळ केली, तांब्याभर पाणी घातलं, नमस्कार केला. ही पूजा बायकांनी स्वतःच्या हाताने, मधे कोणालाही न घेता, पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. त्यांतल्या कितीतरी जणी नवरा गेल्यावरही करत आल्या. रोजच्या पूजेला चालतं ते हात लग्नाच्या दिवशी का चालू नयेत, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

आणि तुळशीची कथा तरी काय आहे? कार्तिकमाहात्म्यातली वृंदा ही जालंधराची बायको. तिच्या पातिव्रत्याच्या बळावर जालंधर कोणाला आवरेना, तेव्हा विष्णूने जालंधराचंच रूप घेऊन तिला फसवलं. तिकडे शंकराने जालंधराला मारलं. वृंदेला खरं कळलं, तिने विष्णूला शाप दिला आणि अग्निप्रवेश केला. तिथे तीन झाडं उगवली: धात्री म्हणजे आवळा, मालती आणि तुळस. तुळशीच्या लग्नात आवळा लागतो तो आठवा. देवीभागवतात कथा जराशी वेगळी. तिथे तिचं नावच तुलसी, नवरा शंखचूड. ती विष्णूला "पाषाण हो" म्हणून शापते. म्हणून तो शाळिग्राम झाला, ती गंडकी नदी झाली आणि तिच्या केसांतून तुळस झाली. शाळिग्राम आजही नेपाळात गंडकीच्याच पात्रात सापडतात.

कोणतीही कथा घ्या. नवरा गेलेल्या, फसवल्या गेलेल्या, देवालाही जाब विचारणाऱ्या बाईचं लग्न आपण दर कार्तिकात वाजतगाजत लावतो. देव स्वतः नवरा होऊन तिच्या दारी येतो. मग त्याच मांडवात, नवरा गेला म्हणून एका बाईला उंबऱ्यात कसं बसवायचं? मी जिथे लग्न लावते तिथे हे बोलते, आणि बोलल्यावर घरातली म्हातारी पुढे आली नाही असं एकही घर मला आठवत नाही.

कन्यादानाचं म्हणाल, तर ज्यांना मुलगी नाही अशी जोडपी ते हौसेने करतात, म्हणून जोडप्याची सवय पडली. मुलीला वाढवलं तिने तिचं दान करावं. बाकी सगळं सोपं आहे: उसाचा मांडव, बुडात चिंचा-आवळे-बोरं, हिरव्या बांगड्या, देवघरातला बाळकृष्ण, मधे अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, आरती. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावा, सगळ्यांना सुटी असेल तो दिवस धरा.

घरातलं कोणी फारच अडून बसलं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं नाव घ्या. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. एका गावाला जमलं ते एका घराला जमेल.

आता वृंदावन. देवळातल्या मूर्तीसारखी त्याची प्राणप्रतिष्ठा सहसा केलेली नसते. देवता असते ती तुळस. रोप नि माती आधी काढून घ्यायची. मग निघण्याच्या दिवशी दिवा, हळद-कुंकू, दूध-साखरेचा नैवेद्य, आणि "पुनरागमनाय च" म्हणून अक्षता. गणपतीला आपण करतो तशीच उत्तरपूजा. त्यानंतर चिरे हे चिरे. फक्त एक विचारून घ्या: काही घरांत एखाद्या पूर्वजाची रक्षा ठेवून त्यावर वृंदावन बांधलेलं असतं. तसं असेल तर ते असंच पाडू देऊ नका, मला लिहा.

सातारा_रोड

मला वाटतं ताईंनी थोडं जपून घ्यावं. शेवटचं लग्न, सगळे भाऊ-भावजया जमणार, त्या दिवशी रीत मोडून वाद कशाला? हळद-कुंकू भावजयीने लावावं, कन्यादान सासूबाईंनी करावं. दोघींचा मान राहील. घर विकल्यावर माणसंच उरतात, ती दुखावू नयेत एवढंच मनापासून सांगते.

पडवीतली

सगळ्यांचे खूप आभार. अंतरपाट ताई, तुमचा प्रतिसाद मी काल संध्याकाळी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या वाती वळत होत्या. वृंदेच्या कथेपाशी हात थांबले. कथा त्यांना पाठ आहे, कार्तिकात त्या स्वतः सांगतात. पण ती आपल्याला लागू होते असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "मंगलाष्टकं कोण म्हणणार?" म्हणजे ठरलंच म्हणायचं.

सातारा रोड ताई, तुमचा हेतू मला पटतो. पण अर्धं त्यांनी, अर्धं दुसऱ्या कोणी, असं नको वाटतं. कुंकवाचा करंडा त्यांच्याच हातात हवा. जाऊबाईंशी मी फोनवर बोलेन, आधीच बोलेन, त्या दिवशी अंगणात नाही.

वृंदावनाखाली कोणाची रक्षा नाही. सासूबाईंच्या सासूबाईंनी ते गड्यांकडून बांधून घेतलं, एवढंच.

फोंडेकार

आमच्याकडे गोव्यात तुळशीच्या लग्नाला व्हडली दिवाळी म्हणतात, तेव्हा या विषयात न बोलून कसं चालेल.

अंतरपाट ताईंचा मान राखून एका गोष्टीत वेगळं मत मांडतो. उत्तरपूजेनंतर चिरे हे चिरे, हे शास्त्राला धरून असेल. पण ज्या कोपऱ्यावर दोन पिढ्यांनी तळवा टेकला तो चिरा मी तरी मागे ठेवणार नाही. गवंड्याला बोलावून तेवढाच सांधा सोडवून घ्या. जांभा दगड आहे, जड असतो, दोन माणसं लागतील, पण गाडीच्या डिकीत मावतो. गॅलरीत कुंडीखाली बैठक म्हणून ठेवा. सासूबाईंना हात टेकायला तोच कोपरा मिळेल.

दुसरं, खरेदीखताआधी घेणाऱ्यांशी सरळ बोला. आमच्या मामाचं घर विकलं तेव्हा घेणारा म्हणाला, "वृंदावन पाडायला माझा हात उठणार नाही, कुंपणाच्या आत राहू द्या." त्याच्या बायकोने दुसऱ्याच दिवशी तिथे दिवा लावला. सगळीकडे असं होईल असं नाही, पण न विचारता पाडणार असं गृहीत का धरायचं? हिंदू घर असेल तर त्यांनाही तुळस लागतेच.

माळकरी_बार्शी

राम कृष्ण हरी.

माउली, मी दरवर्षी आळंदीहून पालखीबरोबर चालतो. दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. पितळी नाहीतर प्लास्टिकचं, पण आत खरी माती, खरं रोप. वाटेत ऊन, पाऊस, चिखल, तरी रोप टवटवीत, कारण मुक्कामाला पोचल्यावर बाई स्वतः पाणी पिण्याआधी तुळशीला घालते. त्यांत किती जणींचे मालक गेलेले असतात. सगळ्यांच्या कपाळी एकच बुक्का. समोरून येणारा पुरुष, वयाने मोठा असला तरी, त्या बाईच्या पायाला हात लावतो. मी लावतो. पांडुरंगाच्या गळ्यात जो तुळशीहार पडतो तो कोणाच्या हातचा, हे तिथे कोणी विचारत नाही. तुमच्या सासूबाईंना माझा दंडवत सांगा आणि म्हणावं, पुढे व्हा.

एक राहिलंय. रोपं, फांद्या नेल्यावर जुनं झाड तसंच उभं ठेवून येऊ नका. लग्न झाल्यावर, निघायच्या दिवशी, सासूबाईंनीच नमस्कार करून ते मुळाजवळ कापावं. खोड सावलीत वाळवा. पंढरपुरात काशीकापडी समाजाची माणसं तुळशीच्या लाकडाच्या माळा करतात, त्यांचा तो पिढीजात धंदा. अंगठ्याएवढ्या खोडातून पूर्ण एकशे आठ मणी निघणं कठीण, पण गळ्यातल्या माळेत ओवायला थोडे तरी निघावेत. कोणी पंढरपूरला जाणारं असेल तर त्याच्याबरोबर द्या. डहाळ्या, पानं, मुळाजवळची माती एखाद्या झाडाच्या बुडात घाला. रस्त्यावर, कचऱ्यात जाऊ देऊ नका.

सातारा_रोड

माळकरी काका, हे वाचलं आणि माझं वरचं म्हणणं मागे घेते. ताई, करंडा त्यांच्याच हातात द्या.

पडवीतली

फोंडेकार दादा, तो कोपऱ्याचा चिरा सुचवल्याबद्दल तुमचे किती आभार मानू. यजमानांनी वाचलं आणि लगेच गावच्या गवंड्याला फोन लावला. तो म्हणतो कोपरा सुटा करता येईल, फक्त घण नको, छिन्नीने हळू काढतो. घेणाऱ्यांशी धाकटे दीर पुढच्या आठवड्यात बोलतील.

माळेचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, माळ त्यांना नको, त्यांच्याकडून नियम पाळले जाणार नाहीत आता. मणी निघाले तर नातवंडांना एकेक द्या म्हणाल्या.

शेजारच्या वहिनींनी आज फटीतली चार रोपं नारळाच्या करवंट्यांत लावून ठेवली आहेत. रविवारी दीर घेऊन येतील. कलमवाले काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आमची गॅलरी पूर्वेची, साडेदहापर्यंत ऊन असतं, मग समोरच्या इमारतीची सावली येते. ग्रिलमध्ये बारा इंची कुंडी बसत नाही, दहा इंचीच बसते. चालेल का? की चिऱ्यावर मोठी ठेवून ऊन कमी मिळालेलं बरं?

कलमवाला_दापोली

दहा इंची चालेल, ऊन सोडू नका. चिऱ्यावर गॅलरीच्या आत दुसरी कुंडी ठेवा, रोपं चार आहेत ना. दोन बाहेर, दोन आत, आणि दर पंधरवड्याला अदलाबदल. करवंट्यांच्या तळाला भोक पाडलंय का ते वहिनींना आजच विचारा, नसेल तर पाणी साचून रविवारपर्यंत मुळं कुजतील. आल्यावर लगेच उन्हात नको, दोन दिवस सावलीत ठेवून मग लावा. आणि कुंड्यांखाली ताटली ठेवा, खालच्या मजल्यावर पाणी गळू लागलं की सोसायटीत बोलणी सुरू होतात.